केसरबाई ऑनलाइन आहे

खडोलीहून राखोलीला जाणाऱ्या शेअर रिक्षात, दुपारी सव्वातीन वाजता, माझ्या हातातला फोन वाजला आणि त्यावर नाव आलं — आई.

माझ्या फोनमध्ये आई नावाचा नंबरच नव्हता. मी पाच वर्षांची असतानाच आई गेली. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, उचल की, तरी मी त्या दोन अक्षरांकडे बघत बसले. फोन माझा नाही, हे लक्षात यायला अख्खी रिंग संपावी लागली.

आमच्या धाग्याच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही. गेटवरच्या खिडकीत द्यायचा. तिथल्या लाकडी कपाटात आपापल्या नंबरच्या खणात तो आठ तास पडून राहतो. माझा खण सत्तेचाळीस. शेहेचाळीसवाल्याने नाक्यावरच्या त्याच हातगाडीवरून तसंच निळं कव्हर घेतलं होतं, आणि वॉचमनचा हात एक खण चुकला.

रिक्षा थांबवून मी परत गेले. भादव्यातली रिपरिप चालू होती. गेटच्या पत्र्याखाली एक किडकिडीत, चष्मेवाला मुलगा माझा फोन शर्टात धरून उभा होता. चष्म्यावर थेंब होते आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

"तुमच्या आईचा फोन आला होता," मी म्हणाले. "मी उचलला नाही."

"उचलायचा ना. तिला बरं वाटलं असतं."

"कशाचं?"

"माझ्या फोनवर मुलीचा आवाज... तिची फार जुनी इच्छा आहे."

मी हसले नाही. निदान त्याला दिसेल असं हसले नाही. फोनची अदलाबदल झाली, तरी तो हलेना. म्हणाला, "तुमचा फोन मी उघडून बघितला नाही हं. पण त्यात फेसबुक का नाही?"

"उघडला नाही, तर कळलं कसं?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याचं नाव चेतन. डहाणूकडचा, लॅबमध्ये धागा ओढून ओढून किती ताणला की तुटतो ते तपासायचा. मी पॅकिंगला, धाग्याचे कोन खोक्यांत भरायचे. एकाच छपराखाली दीड वर्ष होतो आणि एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

फेसबुक माझ्याकडे नव्हतं, कारण आमच्या घरात ते संजूभाऊकडे होतं, आणि घरात एकाकडे असलं की पुरे, असा माझ्या भावाचा कायदा होता. माझे वडील म्हणजे आबा, संजूभाऊ, वहिनी आणि मी, राखोलीच्या चाळीत दोन खोल्या. फोन वाजला की तीन तोंडं विचारायची, कोणाचा? म्हणून चेतनला मी नंबर कधी दिला नाही आणि त्याचा घेतला नाही. पण खातं उघडायला मी तयार झाले. का झाले म्हणून विचाराल, तर त्याने शिकवायची तयारी दाखवली म्हणून.

शाळा भरली गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, सुटल्यानंतरची दहा मिनिटं. पहिल्या दिवशी काही जमेना, कारण कोनांवरच्या धाग्याचं तेल बोटांना लागलेलं असतं आणि काचेवर बोट घसरतं. मी दाबायची एक, उघडायचं भलतंच. चेतनने आपला रुमाल पुढे केला. मी बोटं पुसली आणि रुमाल तसाच पर्समध्ये टाकला. त्याने मागितला नाही.

फेसबुकने नाव विचारलं तेव्हा मी अडले. माझं नाव टाकलं तर संजूभाऊला कळेल. मग मी आजीचं, आबांच्या आईचं टाकलं — केसरबाई. घरात तिला मोठी माय म्हणत. आईमागे तिनेच मला वाढवलं, चार वर्षांपूर्वी तीही गेली. तिच्या नावावर कोण संशय घेणार? फोटोला दमणगंगेवरचा पूल लावला. चेतन खूप हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "कधीतरी स्वतःचं नाव टाक. मला केसरबाईंशी बोलायला संकोच वाटतो."

पहिली फ्रेंड रिक्वेस्ट त्याची. ती त्यानेच पाठवायची, मुलीने आधी पाठवायची नसते, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. हा नियम मी कुठून आणला होता देव जाणे.

मग त्याची शिफ्ट बदलली. माझी सुटायची तेव्हा त्याची सुरू व्हायची. खिडकीपाशी मी फोन घेत असायची आणि तो देत असायचा, तेवढीच काय ती भेट. बाकी सगळं केसरबाईंच्या नावावर चाले. तो लिहायचा, केसरबाई, जेवलात का? मी लिहायची, जेवले बाळा. तो लिहायचा, बाळा म्हणू नका, पुढे अडचण होईल. मी तोंडावर ओढणी धरून हसायची आणि वहिनी विचारायची, दात दुखतोय का?

दिवाळी जवळ आली तशी घरात चोपड्याकडच्या एका स्थळाची बोलणी निघाली. मी चेतनला कळवलं. त्या शनिवारी खिडकीपाशी तो मुद्दाम मागे रेंगाळला.

"मला अंकलेश्वरच्या युनिटला पाठवणार आहेत. तारीख नक्की नाही," तो म्हणाला. "जायच्या आधी आबांशी बोलतो. पण तू हो म्हणालीस तरच."

मागे रांग होती. मला लाज वाटली — आज त्या लाजेचाच राग येतो.

"उद्या कळवते," मी म्हणाले.

"फार लिहू नको. नुसतं हो लिही."

रविवारी सकाळीच लिहायचं ठरवलं होतं. पण सकाळी पाणी भरायचं होतं, मग स्वयंपाक, आणि फोन कुठेतरी पसाऱ्याखाली. पानं वाढली आणि संजूभाऊ आपल्या फोनकडे बघत म्हणाला, "कावेरी, आपली मोठी माय फेसबुकवर काय करू राहिली?"

माझा घास तिथेच राहिला. फेसबुक त्याला सुचवत होतं, ही केसरबाई तुमच्या ओळखीची असेल. माझा नंबर त्याच्या फोनमध्ये होता आणि खातं मी त्याच नंबरावर उघडलं होतं. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

आबा ताटावरून उठले. हात खरकटा, तसेच भावाजवळ गेले. "दाखव बरं. फोटू आहे का तिचा?"

आजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि परत दिला. "हा तर पूल आहे," म्हणाले, आणि ताटावर येऊन बसले. पुढे काही जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संजूभाऊ मात्र खाली खाली सरकवत होता. "एकच दोस्त आहे. चेतन कोणीतरी, खडोलीत कामाला. उद्या जाऊन बघतो कोण आहे हा लबाड."

मी हात धुवायच्या निमित्ताने फोन घेऊन मोरीत गेले आणि चेतनला यादीतून काढून टाकलं. अनफ्रेंड. बोट या वेळी अजिबात घसरलं नाही. म्हटलं, उद्या खिडकीपाशी सगळं सांगू, आणि हो पण तिथेच म्हणू, तोंडाने. यादी रिकामी दिसल्यावर संजूभाऊचाही उत्साह मावळला.

सोमवारी शेहेचाळीस नंबरचा खण रिकामा होता. मंगळवारीही. बुधवारी कळलं की लॅबमधल्या दोघांना रविवारी संध्याकाळीच गाडीत बसवून अंकलेश्वरला नेलं.

मी रोज मेसेज उघडून बघायची. काही नसायचं. त्याला राग आला असणार. मीच काढलं, मग आता रिक्वेस्ट मीच कशी पाठवू? मुलीने आधी पाठवायची नसते. त्याचा नंबर लॅबमध्ये मिळाला असता, पण पॅकिंगवालीने लॅबमध्ये जाऊन पोराचा नंबर मागायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत राखोलीत वर्दी. मी कोन भरत राहिले. चोपड्याचं स्थळ येऊन गेलं, मी मान वर केली नाही, त्यांना मुलगी घुमी वाटली. फेसबुक मी काढून टाकलं नाही, नुसतं उघडायचं बंद केलं.

पाच महिने गेले. फाल्गुनात सोनम नावाची नवी मुलगी पॅकिंगला लागली. तिने नवीन फोन घेतला होता आणि तिला फेसबुक हवं होतं. मी तिला त्याच टपरीवर घेऊन बसले, शिफ्टच्या आधी. तेवढं तरी मला येत होतं.

सोनम इकडेतिकडे बोटं लावत होती. "दीदी, ये मेसेज रिक्वेस्ट काय असतं?"

"काही नसतं," मी म्हणाले. पण खरं तर मला माहीत नव्हतं. म्हणून स्वतःच्या फोनवर उघडून बघितलं.

तिथे चेतन होता. जे आपल्या यादीत नसतात त्यांची पत्रं तिथे, वेगळ्या कोपऱ्यात जाऊन पडतात. तीन होती.

पहिलं त्याच रविवारचं. तू मला काढलंस? चुकून झालं असेल... आज अचानक निघावं लागतंय.

दुसरं बुधवारचं. घरी काही झालंय का? मला काळजी वाटते.

तिसरं त्यानंतरचं. येत्या रविवारी दोन वाजता सिल्वासा बस स्टँडवर येतोय. पाचची गाडी आहे. आलीस तर तसंच आबांकडे जाऊ. नाही आलीस तर मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही.

त्या रविवारी दुपारी मी राखोलीत नदीवर गोधड्या धूत होते. तिथून बस स्टँड रिक्षाने पंधरा मिनिटं.

सोनम विचारत होती, दीदी काय झालं? मी त्याचं खातं उघडलं. वर साखरपुड्याचा फोटो होता, अकरा दिवसांपूर्वीचा. हिरव्या साडीतली, गोल चेहऱ्याची मुलगी. शेजारी त्याची आई असावी, फार खुशीत दिसत होती.

भोंगा झाला. रांग खिडकीकडे सरकायला लागली. मी चालता चालता लिहिलं, चेतन, हे मी आज वाचलं. तिथे बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. माझं उत्तर हो होतं. तुझं चांगलं होवो. पाठवलं आणि वॉचमनच्या हातात फोन दिला. सत्तेचाळीस.

ते आठ तास कसे गेले ते मलाच ठाऊक. दोन खोकी उलटी भरली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. चेतनने काही लिहू नये असं वाटत होतं, आणि लिहिलं नाही तर मी कशी जगणार असंही वाटत होतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे मी कोणाला, अगदी केसरबाईंच्या नावानेही, कधी सांगितलं नव्हतं.

सुटल्यावर फोन घेतला. उत्तर आलं होतं.

पाचची गाडी मी सोडली होती. साडेसातला गेलो. बरं झालं सांगितलंस, कावेरी.

त्याने पहिल्यांदाच त्या खात्यावर माझं नाव लिहिलं होतं. मी टपरीच्या बाकावर बसून ते पाच-सहा वेळा वाचलं, मग रडले, मग पुन्हा वाचलं. उत्तर दिलं नाही. हिरव्या साडीतल्या मुलीचं काय चुकलं होतं?

मग नाव बदलायची जागा शोधून काढली. केसरबाई पुसलं. कावेरी लिहिलं, पुढे आडनाव. संजूभाऊला दिसेल, दिसू दे. आबांना आज घरी जाऊन सांगायचं होतं की तो पूल मी लावला होता.

खाली सूचना आली, साठ दिवस नाव पुन्हा बदलता येणार नाही, चालेल का? बोटं तेलाने घसरत होती. पर्समधून चेतनचा रुमाल काढला, बोटं नीट पुसली, आणि 'हो'वर दाबलं.