‘मी’ म्हणणाऱ्याला दार उघडू नका

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ‘मनाचे खेळ’ वगैरे मला ऐकवू नका. हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलंय. आणि मामा असा, की भुताखेतांचा विषय निघाला की खुशाल जांभई देणारा!

मामाचं कुलपांचं दुकान. किल्ल्या बनवायच्या, दारांना कड्या बसवायच्या. सगळे त्याला कुलूपमामाच म्हणतात. राहायला दुकानाच्या वरच, त्याच जुन्या इमारतीत.

मागच्या वर्षी त्या भागात चोऱ्या सुरू झाल्या. भरदुपारी.

दार वाजायचं. आतून बाई विचारायची, "कोण?"

बाहेरून उत्तर यायचं, "मी."

झालं! ‘मी’ म्हटलं की आपण उघडतोच. नवरा असेल, दीर असेल, शेजारचं कोणी असेल... आणि दारात चाकू घेऊन भलताच उभा.

मामाच्या दुकानात झुंबड उडाली. दारोदार जाऊन त्याने दुसरी कडी ठोकून दिली. स्क्रू आवळता आवळता प्रत्येकाला बजावलं, "‘मी’ म्हणणाऱ्याला दार उघडायचं नाही. आधी नाव सांगायला लावायचं."

इमारतीची रयाच गेली. आधी दारं सताड उघडी असायची. आता जिन्यात पाऊल वाजलं की खटाखट कड्या लागायच्या. ओळखीच्या माणसालाही लोक दारातूनच वाटेला लावायला लागले.

मामाच्या घरातही तोच नियम. मामी वैतागायची. तिला दमा आहे.

"जिना चढून धाप लागलेली असते मला. त्यात नाव सांगत बसू होय? बायकोचा आवाज ओळखता येत नाही तुम्हाला?"

"आवाज कोणीही काढेल. नाव सांग, मग आत ये."

"दारातच जीव जाईल एक दिवस माझा. मग बसा नाव विचारत!"

तेव्हा दोघंही हसायचे.

आणि मग शिवणवाल्या ताई गेल्या.

मामाच्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. दिवसभर त्यांच्या मशिनचा आवाज चालू. त्या दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, दार नुसतं लोटून. परत आल्या तर चोर आतच होता.

तो वार करून पळाला. ताई सरपटत बाहेर आल्या. एकेक दार वाजवलं.

"कोण?"

"मी..."

"मी कोण? नाव सांगा!"

नाव सांगण्याइतका श्वास कुठला उरला होता हो त्यांच्यात?

एकही दार उघडलं नाही. घराघरात माणसं होती. मामा-मामी तेवढे खाली दुकानात. त्यांना पत्ताच नाही.

पोलीस आले, विचारपूस करून गेले. चोर आजतागायत सापडलेला नाही. समोरच्या काकू मामाला एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, भाऊ..."

मामाची अन्नावरची वासनाच उडाली.

मग ते सुरू झालं.

तिन्हीसांजेला... टक... टक...

नखांनी वाजवल्यासारखं. दाराच्या अगदी खालच्या बाजूला.

"कोण?"

"मी..."

मामा दाराच्या भिंगाला डोळा लावायचा. बाहेर कोणी नाही.

समोरच्या काकूंकडेही तेच. वरच्या मजल्यावरही तेच. कोणी कोणाजवळ अवाक्षर काढत नव्हतं. पण अंधारायला लागलं की घरोघरी टीव्हीचा आवाज वाढायचा.

त्या संध्याकाळी मामा घरात एकटाच होता. मामी औषध आणायला गेलेली.

टक... टक...

"कोण?"

"मी..."

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "नाव सांग!" तो ओरडला.



मग पुन्हा... "मी..."

त्याने भिंगातून पाहिलं. रिकामा जिना.

दाराला पाठ लावून तो तसाच उभा राहिला. उघडलं तर शिवणवाल्या ताई आत येणार. जाऊ दे, आपोआप थांबेल. रोज थांबतंच.

आणि मामी अजून कशी आली नाही?

 घाईत स्वतःच बसवलेली कडी त्याला निघेना. कसंबसं दार उघडलं.

उंबऱ्याला लागून मामी पडली होती. ओठ निळे पडलेले. भिंगातून इतक्या खालचं दिसतच नाही.

वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचली. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आली तेव्हा मामा तिचा हात धरून रडत होता. "दार वाजवलंस म्हणून कळलं गं. नाहीतर मी मेला तिथेच उभा..."

"मी कुठे वाजवलं? हात उचलवत नव्हता मला. तोंडातून शब्द फुटत नव्हता."

"अगं, ‘मी’ म्हणालीस ना तू!"



"ते... माझ्या उशाशी कोणीतरी म्हणत होतं."

घरी आल्यावर मामाने दुसरी कडी उखडून फेकून दिली. आता दार वाजलं की तो काही विचारत नाही. सरळ उघडतो. इमारतीत तो एकटाच उघडतो. बाकीच्यांचे टीव्ही अजून तसेच ओरडत असतात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. मामी माझ्या शेजारी बसून चहा ओतत होती.

टक... टक...

मामा उठला. दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

तरी तो बाजूला सरकला... कोणाला तरी आत यायला वाट द्यावी तसा. मग हळूच दार लावलं.

"कोण होतं, मामा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 मामीने माझा हात घट्ट धरला.

उत्तर आतल्या खोलीतून आलं.

"मी..."

घरात आम्ही तिघंच होतो. तेव्हापासून माझ्या घरी दार वाजलं, की मला ‘कोण?’ असं विचारवतच नाही.