‘बहाणा’चं कार्ड

तो पहिल्यांदा आला तो चुकून. शब्दकोशाच्या कचेरीत त्याला जायचं होतं संपादकसाहेबांकडे, आणि येऊन उभा राहिला तो तिच्या टेबलाशी. छापखान्याचा माणूस. बोटांना शाई, आणि डोळ्यांत… जाऊ द्या, त्या डोळ्यांचं वर्णन तिनं पुढे तीन आठवडे मनातल्या मनात पुष्कळ केलं.

"‘बहाणा’ शब्दाचं मूळ तेवढं यायचं राहिलंय," तो म्हणाला. "त्यापायी आमचं पान अडलंय."

"शोधतेय अजून," ती म्हणाली.

धादांत खोटं! त्या शब्दाच्या नोंदीचं कार्ड त्याच सकाळी लिहून झालं होतं आणि तिच्या खणात पडलं होतं. पण ते दिलं असतं, तर तो पुन्हा कशाला आला असता? मग तो रोज चारला यायचा आणि ती रोज शोधत असायची. शेजारच्या टेबलावरच्या ताई चष्म्यावरून सगळं बघत, पण तोंडातून ब्र काढत नसत.

आज मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मालक मला दुसऱ्या गावच्या छापखान्यात पाठवताहेत. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

तिनं खण उघडला आणि कार्ड त्याच्या हातात ठेवलं.

"बहाणा," तो वाचू लागला. "खरं लपवण्यासाठी पुढे केलेलं खोटं निमित्त. मूळ फार्सी ‘बहाना’. तिकडे ‘कारण’ असाही अर्थ." खालची तारीख बघून तो थबकला. "हे तर तीन आठवड्यांपूर्वीचं… म्हणजे तुम्ही—"

"हो. मीच अडवलं तुमचं पान. रागवा हवं तर."

तो रागावला नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले.

"पान अडलेलं नव्हतंच," तो हळूच म्हणाला. "साहेबांनी पहिल्याच आठवड्यात फोनवर मूळ सांगितलं. छापूनही झालंय."

"मग रोज चारला…?"

"तुम्ही शोधतेय म्हणायचात. म्हटलं, बघू या किती दिवस शोधताय ते."

ताईंना ठसका लागला. त्या बाटलीत पाणी भरायला उठून गेल्या. बाटली भरलेलीच होती.

आता लपवायला दोघांकडे काही उरलं नव्हतं. बघावं कुठे, तेही कळेना.

"तुम्ही… नाही म्हणून सांगा ना मालकांना," ती म्हणाली.

"का, म्हणून विचारतील."

"सांगा, ‘एका मुलीनं थांबवलंय. तिचा जीव जडलाय माझ्यावर.’"

मग तिच्याच टेबलावरचा फोन ओढून त्यानं नंबर फिरवला.

"मालक, मी जात नाही," तो म्हणाला. आणि तिच्याकडे बघत, एक अक्षर न बदलता, त्यानं का ते सांगून टाकलं.