विमान कुणाच्या हातात

वैमानिकांच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तिला तो लायसन मिळायच्या कितीतरी आधी घरीच शिकवला गेला होता. डाव्या खुर्चीतला कॅप्टन 'माझ्याकडे' म्हणाला, की उजव्या खुर्चीतल्याने विमान वळवायच्या दांड्यावरचे हात उचलायचे आणि 'तुमच्याकडे' म्हणायचं. का, कशाला, विचारायचं नाही. बाबा तिला गाडी शिकवतानासुद्धा हेच करायचे. चढावर गाडी जरा अडखळली, की 'माझ्याकडे' म्हणून शेजारून स्टिअरिंग धरायचे. ती म्हणायची, "पण बाबा, माझं बरोबर होतं," की घर येईपर्यंत अबोला.

"आधी हात सोडायचे, चिमणे. तोंड नंतर उघडायचं."

नंतर म्हणजे कधी, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

चिमणी हे तिचं नाव नव्हे. लहानपणी बाबांचं बोट धरून ती हँगरमध्ये आली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी ते तिला चिकटवलं. पुढे ती शिकली, वैमानिक झाली, बाबांच्याच कंपनीत पार्सलांचं छोटं विमान उडवायला लागली, तरी म्हाताऱ्यांच्या लेखी ती चिमणीच राहिली.

त्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांकडे गेली होती. अपघातानंतर विमानात बसायची परवानगी परत मिळवायची, तर आधी डॉक्टरांनी फिट म्हणायला हवं.

"मूठ आवळा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपली दोन बोटं तिच्या डाव्या हातात दिली होती. "अजून जोरात. कुणाचा तरी गळा आहे असं समजा."

"कुणाचा, ते मी ठरवू?"

"आई गं! पुरे, पुरे." डॉक्टरांनी बोटं सोडवून घेतली. "मनगट उत्तम जुळलंय. आता सांगा, चक्कर? डोकेदुखी? भास, नसलेले आवाज?"

"असलेलेच इतके आहेत आमच्या घरात."

"म्हणजे नाही."

"नाही."

डॉक्टर एकदम गंभीर झाले. "थट्टा सोडा. तुमच्या डोक्याला मार लागलाय. पुढे कधी असं काही ऐकू आलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं. मग मात्र मी तुम्हाला फिट म्हणू शकणार नाही. कधीच."

तिने मान डोलावली. फिट. बाहेर आल्यावर तिला रस्त्यात उडी मारावीशी वाटली. आता एकच गोष्ट उरली होती, दुपारची सिम्युलेटरवरची परीक्षा. ती पास झाली, की परत आकाश.

अपघाताचं तिला काहीच आठवत नव्हतं. संध्याकाळ होती, मुसळधार पाऊस होता, आणि विमानात दोघंच, ती आणि काका. काका म्हणजे बाबांचे जिवलग मित्र. रक्ताचं नातं नाही, पण तिचा वाढदिवस बाबा विसरायचे आणि काका यायचे, सर्दीवर चोळलेल्या निलगिरीच्या तेलाचा वास घेऊन. विमान धावपट्टी संपली तरी थांबलं नाही, पलीकडच्या नाल्यात गेलं. काका जागीच गेले. तिचं मनगट आणि गळ्याचं हाड मोडलं, डोकं आपटलं, आणि शेवटची काही मिनिटं पुसून गेली. शुद्धीवर आली तेव्हा बाबा उशाशी बसले होते.

"उतरवताना विमान तुझ्या हातात होतं, बाळा," ते म्हणाले होते. "ग्लानीत तूच सांगितलंस मला."

बाबांवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? चौकशीला आलेल्यांना तिने तेच सांगितलं. त्या छोट्या विमानात बोलणं टिपणारी पेटी नव्हती, त्यामुळे तिचा शब्द अखेरचा ठरला. वय लहान, अनुभव कमी, पावसाने घात केला, असं म्हणून सगळ्यांनी तिला उदार मनाने माफ केलं. काकू सोडून. ती भेटायला गेली तेव्हा काकूंनी दार उघडलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि ती पायरीवर उभी राहून 'चुकलं माझं' म्हणत राहिली होती.

सिम्युलेटर एका उंच शेडमध्ये होता. बिनखिडक्यांची एक पांढरी पेटी, लोखंडी पायांवर उभी. आत जायला छोटा पूल. माणसं आत गेली की पूल उचलला जातो, मग पेटी पायांवर डोलू लागते, आणि आतल्या माणसाला आपण खरंच उडतोय असं वाटतं. बाहेर टळटळीत दुपार होती. आत मास्तरांनी रात्र लावली. पाऊसही लावला.

मास्तर परीक्षक. बाबा, काका आणि मास्तर, तिघं एकत्र उडायला शिकलेले. ते मागच्या बाजूला आपल्या बटणांपाशी बसले. बाबा खाली शेडमध्ये पडद्यावर बघत थांबले होते.

"डावीकडे कोण?" तिने विचारलं.

"कुणी मोकळं नाही गं. कॅप्टनचं बोलणं मी मागून करतो. तू उडव."

डावी खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीसमोरचा दांडा मात्र तिच्या दांड्याला आतून जोडलेला. ती वळली की तोही वळायचा, खाली दाबला की तोही दबायचा. न बघता तिला ते कळत होतं. हेडफोनमध्ये यंत्राचा पाऊस वाजत होता, एकसुरी, कोरडा.

ढगातून खाली येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग वास आला. निलगिरीच्या तेलाचा. आधी अगदी पुसट, मग असा, की कुणीतरी शेजारी बसून कपाळाला चोळतंय.

"माझ्याकडे," कानात आवाज आला. हळू, चोंदल्यासारखा.

हात आपोआप उचलले गेले. "तुमच्याकडे," ती म्हणाली. मास्तर परीक्षा घेताहेत, तिने मनात म्हटलं. दांडा संथपणे हलू लागला, जुन्या, सवयीच्या हाताने हलावा तसा. धावपट्टीचे दिवे समोर आले. जवळ आले. खालून जाऊ लागले. विमान टेकत नव्हतं. दिवे संपत आले तरी टेकत नव्हतं. आणि मग दांडा एकदम पुढे गेला, जसं कुणीतरी त्यावर अंग टाकलंय...

"काका, वर घ्या! काका!"

आपण काय बोललो ते तिला नंतर ऐकू आलं. आणि त्याच्या मागोमाग सगळं आलं. ती संध्याकाळ. काकांनी 'माझ्याकडे' म्हणून विमान घेतलं होतं. मग त्यांची मान छातीवर पडली होती, दोन्ही हात ताठ, दांड्यावर. ती ओरडली होती. नंतर आपला दांडा ओढला होता, ओढत राहिली होती, आणि नाला यायच्या आधीच तिच्या मनगटात काहीतरी कट् झालं होतं.

पडदा लाल झाला. पेटी हिसका देऊन थांबली.

मागून मास्तर म्हणाले, "चिमणे... तू 'तुमच्याकडे' कुणाला म्हणालीस?"

"तुम्हाला. तुम्ही घेतलंत ना माझ्याकडून?"

"मी काही बोललोच नाही." त्यांनी हवा हुंगली. "आणि... हा वास कसला येतोय?"

पूल खाली आला. बाबा धापा टाकत आत शिरले. "काय झालं? सोपं होतं की! हात का सोडलेस?"

तिने हेडफोन काढला. "बाबा, त्या दिवशी विमान कुणाच्या हातात होतं?"

"आता मध्येच हे काय? तुझ्याच. किती वेळा सांगू..."

"आत्ता कानात काका 'माझ्याकडे' म्हणाले, आणि मला आठवलं. त्यांचे हात ताठ झाले होते. मान पडली होती. मी त्यांना दोनदा हाक मारली."

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मास्तरांकडे बघितलं. तेवढी एक नजर तिला पुरली.

"सांगून टाक रे," मास्तर पुटपुटले. "आता काय उरलंय."

"तू गप्प बस."

"त्याला आधीही झालं होतं तसं," मास्तर बोलतच राहिले, रिकाम्या खुर्चीकडे बघत. "इथेच. या खुर्चीत. परीक्षा चालू असताना. दोन मिनिटं शुद्ध नव्हती. नंतर हात जोडले त्याने माझ्यापुढे. निवृत्ती तोंडावर आली होती त्याची. उडणं काढून घेतलं तर मरेन म्हणाला. मी पास केलं."

"आणि बाबा?"

"त्यालाही माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"माहीत असून तुम्ही मला त्यांच्या शेजारी बसू दिलंत?"

बाबांचा आवाज चढला. "बसू दिलं नाही! मीच सांगून बसवलं. म्हटलं, परकं कुणी असण्यापेक्षा घरचं माणूस बरं. वेळ आलीच तर सांभाळून घेशील."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर गप्प बसली असतीस तू? आख्ख्या कंपनीत दवंडी पिटली असतीस."

"हो! पिटली असती! काका जिवंत असते आज, घरी बसून कुरकुर करत!" तिचा आवाज त्या पेटीत मावेना. "सांभाळून घे म्हणे. कशाने सांभाळू? हात सोडायला कुणी शिकवलं मला? आणि वर माझ्या उशाशी बसून... मी काकूंच्या दाराशी नाक घासत होते, बाबा. तुम्ही खाली गाडीत बसला होतात."

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "तू लहान आहेस. तुला माफी मिळणार होती, मिळाली. तुझ्या काकाला मेल्यावरही मिळाली नसती. मास्तर तुरुंगात गेला असता. सगळ्यांचं भलं बघितलं मी."

"सगळ्यांमध्ये मी धरून?"

बाबा हळू आवाजात, अगदी समजुतीने म्हणाले, "आणि सांगणार काय तू? कसं आठवलं म्हणशील? सिम्युलेटरमध्ये मेलेला माणूस बोलला म्हणून? डॉक्टर उद्याच्या उद्या तुला घरी बसवतील. कायमचं. नीट विचार कर. मास्तर परत एकदा सुरू करतो. हात सोडू नकोस, पास हो, घरी चल. पुढच्या आठवड्यात तू आकाशात असशील."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. किती नीट मांडलं होतं. विमानही देतो, आकाशही देतो, फक्त तोंड मिटून घे.

"सुरू करा," ती म्हणाली.

पूल उचलला गेला. बाबा आतच राहिले, डाव्या खुर्चीच्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून. पुन्हा रात्र. पुन्हा पाऊस. मागे दोघं काहीतरी कुजबुजत होते. ढगातून विमान खाली आलं, आणि निलगिरीचा वास असा दाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याकडे."

मागची कुजबुज मध्येच तुटली.

"नाही, काका," ती म्हणाली.

"माझ्याकडे... दे..."

दांडा पुढे ओढला जाऊ लागला. जड, एखाद्या झोपलेल्या माणसाला उचलावं तसा जड. मनगटातून कळ गेली. तिने दात आवळले आणि दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. ती रडत होती की काय, तिलाच कळलं नाही. चाकं टेकली. दिवे हळू झाले, अजून हळू झाले. विमान धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं. पाऊस काचेवर नुसता पडत राहिला.

"पास," मास्तर कसंबसं म्हणाले. त्यांचा हात आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या बटणाकडे गेला. परीक्षेतलं सगळं बोलणं त्यात टिपलं जातं. "हे... हे पुसतो मी."

"पुसायचं नाही. हात लावायचा नाही."

"चिमणे," बाबा म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता हा विषय बंद. मी सांगतोय."

"नाही." ती मागे वळली नाही. "इथून मी डॉक्टरांकडे जाणार. मला काय ऐकू आलं ते सांगणार. मग चौकशीवाल्यांकडे. मग काकूंकडे. विमान काढून घेऊ देत माझ्याकडून. उडायला नाही मिळालं तर नाही. पण त्या दिवशी विमान माझ्या हातात होतं, हे मी परत एकदाही म्हणणार नाही. तुमच्यासाठी नाही, मास्तरांसाठी नाही, काकांसाठीही नाही."

ती थांबली. आता ओरडतील, म्हणून वाट बघत राहिली. मास्तरांनी सिम्युलेटर बंद केला होता, पाऊसही गेला होता, आणि त्या शांततेत डाव्या खुर्चीचा पट्टा खटकन् सुटला. मग खुर्ची रुळावरून सावकाश मागे सरकू लागली, उठण्याआधी माणूस सरकवतो तशी, आणि बाबांच्या गुडघ्यांना टेकून थांबली.