डोळ्यांची आखणी

तेजस्वीनं कागदावर नुसती रेघ ओढली तरी तिचा बाप भूपेश ती चार जणांना दाखवून यायचा. आपला तो बाब्या, म्हणून लोक हसायचे. हसोत बापडे. नायगावच्या टॉवरमधल्या त्याच्या घरात फ्रिजचं दार चित्रांखाली दिसेनासं झालं होतं.

गणपती होऊन गेले आणि पोरीला एक माणूस सुचला. खिडकीतून दिसणारी खाडी, तिवरं आणि तिवरांत उभा तो. पुढच्या चित्रात तो अलीकडे, बांधावर. मग बिल्डिंगच्या गेटाशी. जवळ येईल तसा मोठा. पाच वर्षांच्या पोरीला लांबचं-जवळचं एवढं कळतं, या विचारानं भूपेशचा ऊर भरून यायचा. त्या माणसाला डोळे मात्र नसायचे. हात पुढे केलेले असायचे.

"याचे डोळे कुठायत गं?"

"नकोत. तो चाचपडत येतो."

काय डोकं पोरीचं! सोसायटीच्या चित्रस्पर्धेला गेटाजवळचं चित्र द्यायचं, असं त्यानं ठरवलं. पण बिनडोळ्यांच्या चित्राला कोण विचारणार? वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी लहानपणापासून त्याच्याच हातची. त्यानं बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला. बुबुळं बसली. शेवटी पांढरा ठिपका.

तेजस्वी बघत होती. "आता त्याला घर दिसलं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून पोरगी चित्रासमोरून हलेना. जेवण तिथेच, कुजबुज तिथेच. मध्येच गप्प होऊन ऐकत बसायची. भूपेशनं हाक मारली की अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. चित्र कपाटात कोंडलं, तर ती कपाटाला कान लावून बसली. भूपेशनं आईला बोलावून घेतलं.

त्याची आई सत्यवती जुन्या गावातून आली. चित्र बघून जागच्या जागी थबकली.

"डोले कोनी उघडले?"

"मीच."

"मंग बोलावलंस तूच. फाडू नको, जालू नको. पान्यात निरोप दे. आनि परत ये म्हनू नको."

असल्या गोष्टींवर भूपेशचा विश्वास नव्हता. पण पोरीपुढे अविश्वास काय चाटायचा होता? त्यानं देवाचा पाट घेतला, त्यावर चित्र ठेवलं आणि भर दुपारी चालत खाडी गाठली. ओठ घट्ट मिटून तो गुडघाभर पाण्यात उतरला. कागद भिजला, रंग सुटला. डोळे सगळ्यात शेवटी विरघळले. ते जाईपर्यंत तो हलला नाही.

घराचं दार सत्यवतीनं उघडलं. तिची नजर त्याच्या हातांवर गेली.

"ह्ये काय आनलंस?"

पाटावर खाडीचा मूठभर चिखल होता.

दर वर्षी विसर्जन झालं की काठाची माती पाटावर घेऊन घरी यायचं, देवानं पुन्हा यावं म्हणून. आज तोंड त्यानं मिटून धरलं होतं. चिखल केव्हा उचलला, ते त्याला आठवेना.

तो फेकायला वळला, तोच आतून तेजस्वी धावत आली. किती दिवसांनी हसत होती. "बाबा!" म्हणत त्याच्या पायांना बिलगली आणि त्याच्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे बघत म्हणाली,

"दार लावू नको हं. तो चपला काढतोय."