करडं बटण

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मात्र अजून त्याच ऑफिसात कामाला जातो, म्हणून सांगतोय.

दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. सगळे जेवून आपापल्या जागी परतलेले.

एकच खुर्ची रिकामी.

माझ्या दादाची.

दादा आणि मी एकाच कंपनीत वेबसाइटची कामं करायचो. ऑफिसचा रजेचा फॉर्म त्यानेच बनवला होता. एकदा सर म्हणाले, "हातात काम असताना कुणाला रजा मागताच येऊ नये, असं काहीतरी कर."

दादाने स्क्रिप्टमध्ये एक अट घातली. काम बाकी असेल तर कारणाचा रकाना बंद. एक अक्षर उमटणार नाही. खालचं 'पाठवा' बटण करडं. दाबत बसा.

काम तर कधीच संपत नसे.

मग दादाच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी मागे लागायची, "अहो, डॉक्टरकडे जाऊन या ना."

तो फॉर्म उघडायचा. रकाना बंद.

"तुझाच कोड आहे ना? काढून टाक ती अट," मी म्हणालो.

"सर लगेच ओळखतील. एवढं काम संपू दे."

त्याच खुर्चीत तो गेला.

सरांनी त्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. तेव्हापासून सगळ्यांचे फॉर्म मला माझ्या स्क्रीनवर दिसू लागले.

तर त्या दुपारी मी ते पान तपासत होतो. मागून आवाज आला...

टक्.

दादा एंटर असाच जोरात मारायचा.

मी वळून पाहिलं. दादाच्या टेबलावर काहीच नव्हतं. त्याचा कीबोर्ड सरांनी केव्हाच कपाटात टाकला होता.

पुन्हा स्क्रीनकडे वळलो, तर...

हिशेब बघणाऱ्या काकांचं बटण निळं झालं होतं. कारणाचा रकाना उघडा. आत कर्सर लुकलुकत होता.

कोड पाहिला. अट जागच्या जागी. काकांची कामंही बाकीच.

"काका, तुमची रजा उघडलीय. घेऊन टाका."

"मला काय धाड भरलीय?" ते हसले. "बिघाड असेल. सरांना कळलं तर माझी हजामत करतील."

त्याच आठवड्यात काका जिन्यात कोसळले. उठलेच नाहीत.

काही दिवसांनी पुन्हा...

टक्.

या वेळी फोन घेणाऱ्या ताईंचं बटण. मी अक्षरशः त्यांच्या पाया पडलो. त्या रजा टाकून तपासणीला गेल्या. तिथूनच त्यांना ऑपरेशनला नेलं. उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

मी वहिनीला सगळं सांगितलं.

"त्यांना स्वतःला एक दिवस मिळाला नाही," ती म्हणाली. "आता सगळ्यांना रजा वाटत बसलेत."

ताईंची रजा सरांच्या नजरेत आली. त्यांनी घरूनच फोन केला. हल्ली ते घरूनच काम बघतात.

"फॉर्म बिघडलाय. पानच काढून टाक. ज्याला रजा हवी त्याने मला फोन करून मागावी."

काल सकाळी मी पान काढायला बसलो. काढण्याआधी एकदा उघडलं.

टक्.

टक्. टक्. टक्...

थांबेचना.

ओळीने एकेक बटण निळं होत गेलं. समोर बसणाऱ्याचं. दारातल्या वॉचमनचं. माझंही.

एकच करडं राहिलं.

सरांचं.

मी त्यांना फोन लावला. "सर, आज सगळ्यांना घरी जाऊ द्या."

"कारण?"

"सगळ्यांची बटणं निळी झालीत, सर."

"पान काढलंस का?"

"काढतो, सर."

काढलं.

काल काही झालं नाही. आजही नाही. पण खोलीत कुणी खुर्ची सरकवली तरी मी वळून बघतो. शेजारच्या दोघांना सांगून पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले.

वहिनी म्हणते, उद्या जाऊ नकोस.

मी तिला डबा भरून ठेवायला सांगितलंय.