न वापरलेलं पेन

भिंगकाकांना जुन्या पेनांचा भारी नाद, पण ती वापरून गेलेल्या माणसांची त्यांना किळस यायची. ऑनलाइन विकायला आलेलं शाईपेन अस्सल की बनावट, हे डोळ्याला भिंग लावून ठरवायचं, हा त्यांचा धंदा. नावही त्यावरूनच पडलेलं. निबेत वाळलेली शाई, क्लिपखाली साचलेला कुणाच्या तरी खिशातला मळ आणि सगळ्यात ओंगळ म्हणजे चावलेली बुडं. दातांच्या खुणा घासून पेन नवं म्हणून खपवणाऱ्यांना तर ते दारातही उभं करत नसत.

त्या मंगळवारी आलेलं काळं पेन मात्र चकचकीत होतं. साठ वर्षं डबीतच पडून, कधीही न वापरलेलं, असा विकणाऱ्याचा दावा. काकांनी त्यात पाणी ओढून बाहेर सोडलं. स्वच्छ. निब जराही झिजलेली नव्हती. ‘न वापरलेलं’ असं प्रमाणपत्र त्यांनी विक्रीच्या वेबसाइटवर चढवलं आणि चहाचा कप घेऊन परत आले, तर पेनाच्या बुडाशी दातांच्या खुणा होत्या. ओल्या.

“हे तू तोंडात घातलंस?”

“शी!” बायको म्हणाली. “तुमची ती उष्टी पेनं मी हातातसुद्धा धरत नाही.”

 काकांची दोन प्रमाणपत्रं आधीच चुकीची निघाली होती. तिसरं चुकलं की नाव तपासनिसांच्या यादीतून काढणार, असं वेबसाइटच्या मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं. तीस वर्षं कमावलेलं नाव एका पेनापायी मातीत जाणार होतं. मग आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांचंच काम त्यांनी केलं. कापडावर पॉलिश घेतलं आणि खुणा घासून काढल्या.

जेवून आले तर खुणा पुन्हा होत्या, आधीपेक्षा खोल. त्यांनी परत पाणी ओढून पाहिलं. ते गढूळ आलं आणि त्याला पारोशा तोंडाचा वास होता. काकांनी ते मोरीत ओतून वर नळ सोडला.

आपणच तर नकळत चावत नाही? तपासणं भाग होतं. डोळे गच्च मिटून त्यांनी पेन तोंडात धरलं आणि खुणांच्या शेजारी चावलं. पेन कोमट होतं.

भिंगाखाली दोन्ही खुणा ताडून पाहिल्या. त्यांच्या दातांची ओळ रुंद होती. ती दुसरी अरुंद, दाटीवाटीची.

त्यांनी सात वेळा चूळ भरली, पेन पुन्हा घासलं आणि कुरियरवाला येईपर्यंत समोर बसून राहिले. या वेळी खुणा उमटल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. “काका, गिऱ्हाईक एकदम खूश! इतकं स्वच्छ पेन कधी पाहिलंच नाही म्हणे. तुमचं नाव कायम बरं का.”

काकांनी हुश्श केलं.

समोर बसलेल्या बायकोने नाकाला पदर लावला. “आज दात घासले नाहीत का हो?”

घासले होते. काकांनी दातांवरून जीभ फिरवली. खालच्या दातांच्या मागे आणखी एक ओळ होती. अरुंद, दाटीवाटीची.

जीभ मागे घ्यायच्या आत ती ओळ हलकेच तिच्यावर मिटली.