मागच्याला सांगा

काकू नवस बोलल्या होत्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, औषधांच्या वासात, पाण्याची बाटली छातीशी घट्ट धरून.

आत काकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डॉक्टर नुसतेच "बघू या" म्हणून गेले होते, आणि डॉक्टर असं म्हणाले की मागे राहिलेल्या माणसाला देवाशिवाय कुठे बघायला जागाच उरत नाही. काकूंनी डोळे मिटले. "देवा, पट्टी सुटल्यावर यांना माझा चेहरा दिसू दे. मी यांच्याबरोबर सायकलवरून अख्ख्या तळ्याला फेरा घालीन. आणि त्या वाटेवर माझ्या मागे कुणी असो वा नसो, मला मिळालेली हाक मी माझ्यापाशी ठेवणार नाही."

हाकेचं हे सायकलवाल्यांनाच कळेल. सायकली एकामागोमाग चालल्या की पहिल्याला रस्ता दिसतो, बाकीच्यांना दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पहिला ओरडतो, "खड्डा!" मग प्रत्येकानं ते मागच्याला सांगायचं. काकांनी आयुष्यभर डोंगर पालथे घातले ते याच नियमावर. "हाक म्हणजे दागिना नव्हे," ते म्हणत, "की मिळाली आणि कपाटात ठेवली."

पट्टी सुटली. काकांनी बराच वेळ समोर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू एवढी वाळलीस कधी?" काकू तिथेच रडल्या. डाव्या कडेला मात्र जरा अंधार राहिला तो राहिलाच. पण देवानं सोळा आणे दिलं नाही म्हणून पंधरा आण्यांवर कुरकुर करणाऱ्यांतल्या काकू नव्हत्या.

तर असे ते तिघे निघाले. पुढे धाकटे भावजी, मध्ये काका, शेवटी काकू. डाव्या हाताला तळं, उजवीकडे डोंगर. सकाळ कोवळी होती, पाणी आरशासारखं पडून होतं, आणि भावजींच्या तोंडाला विसावा नव्हता.

"खडी आहे, जपून!" भावजी ओरडले.

"खडी आहे, जपून!" काका म्हणाले.

"खडी आहे, जपून," काकूंनी मागच्या मोकळ्या रस्त्याला सांगितलं.

"वहिनी, मागे कोण आहे हो? बेडकांना सांगता का?"

"बेडूक तरी ऐकतात, भावजी. तुमच्यासारखे नाहीत."

काका हसले. त्यांचं ते हसू पुन्हा ऐकायला मिळालं, नवस इथेच फिटला, असं काकूंना वाटून गेलं.

दुपारी चढाच्या पायथ्याशी एका टपरीवर ते चहाला थांबले. तेवढ्यात तळ्यावरून धुकं उठलं, चुलीवरच्या भांड्यातून वाफ उठावी तसं, आणि बघता बघता समोरचा डोंगर पुसला गेला. टपरीवाल्या बाईनं ग्लास विसळताना विचारलं, "वर निघालात? शेवटी कोण असतं?"

"मी असते."

"हाक देता ना मागे?"

काकूंना नवल वाटलं. "देते. मागे कुणी नसतं तरी."

"द्या," ती बाई म्हणाली. "वरच्या वळणावर एकदा सांगायचं राहून गेलं होतं. शेवटच्याला. तो खाली परत आलाच नाही." आणि तिनं ग्लास पालथे घातले.

चढ दमवणारा होता. धुक्याला ओल्या पाचोळ्याचा, साचलेल्या पाण्याचा वास होता. अर्ध्या चढावर काका बाजूला झाले. "तू हो पुढे. मी जरा दम खातो, आलोच." काकूंचं मन तयार नव्हतं, पण अरुंद रस्त्यावर दोघांनी थांबणं बरं नव्हे. त्या पुढे झाल्या. मागे काकांच्या सायकलची साखळी पुन्हा करकरायला लागली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग तो आवाजही धुक्यानं खाल्ला.

वरून भावजींची हाक आली. या वेळी तिच्यात थट्टा नव्हती.

"डावीकडे रस्ता खचलाय! उजवीकडून!"

डावीकडे. काकांच्या डोळ्यांतली अंधारी कड तीच. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "डावीकडे रस्ता खचलाय! उजवीकडून!"

 मग मागून काकांचा आवाज आला, स्वच्छ.

"डावीकडे रस्ता खचलाय. उजवीकडून."

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. उजव्या कडेनं खचलेली जागा ओलांडली, आणखी दोनदा पॅडल मारलं... आणि त्यांचा पाय थांबला.

इतका चढ चढून आलेला माणूस. दोन शब्दांत तीनदा धाप लागणारा. या आवाजाला दम लागलेला नव्हता. या आवाजात श्वासच नव्हता.

"अहो?" त्यांनी हळूच हाक मारली.

"अहो?" धुक्यातून काकांचा आवाज म्हणाला.

 वरून भावजी ओरडत होते, "वहिनी, थांबू नका, मागून गाडी आली तर!" पण मागे काका होते. काकूंनी देवाचं नाव घेतलं, सायकल वळवली आणि हँडल धरून त्या खाली चालू लागल्या. खचलेल्या जागी रस्ता चावा घेतल्यासारखा तुटला होता. खाली पाण्याची चुळुक चुळुक ऐकू येत होती. आणि त्या तुटक्या कडेवर, पुढचं चाक जवळजवळ अधांतरी, काका दोन्ही ब्रेक आवळून उभे होते. त्यांची धाप काकूंना लांबून ऐकू आली.

त्यांनी काकांचा दंड धरून मागे ओढलं. 

"बरं झालं... ओरडलीस," काका म्हणाले. "एक... वीतभर राहिलं होतं."

"मी ओरडले, तुम्ही लगेच ओ दिलीत ना?"

"मी? मी कुठे..." काकांनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांच्या पलीकडे, वर जाणाऱ्या रस्त्याकडे. "अगं, तू वरून कशी आलीस? तू तर... मागून ओरडलीस. अगदी पाठीशी. तुझाच आवाज होता."

त्यानंतर तळ्याचा फेरा पुरा होईतो भावजींनी एकदाही थट्टा केली नाही. खड्डा आला की ते ओरडत, काका ओरडत, काकू ओरडत. आणि तिघेही मान न वळवता पुढे बघत राहत.

काकू म्हणतात, सकाळपासून सांगत आले ते वाया गेलं नाही. ज्याला एकदा कुणी सांगितलं नव्हतं, त्याला दिवसभर कुणीतरी सांगत होतं. त्यानं त्यातलंच एक परत केलं. त्यांचा यावर विश्वास आहे, आणि तो ऐकणाऱ्यालाही धीर देतो.

पण परवा संध्याकाळी वीज गेली. काका खाली चहा घेत बसले होते. काकू माडीचं दार ओढून, हातात दिवा घेऊन जिना उतरत होत्या. खालची एक पायरी झिजली आहे. काकांच्या डोळ्यांसाठी काकू रोज म्हणतात, तसं सवयीनं म्हणून गेल्या, "पायरी झिजलीय, जपून."

वरून, बंद दाराच्या अलीकडून, काकांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पायरी झिजलीय. जपून."

खाली काकांनी हातातली बशी ठेवून वर पाहिलं. काकूंनी मागे पाहिलं नाही. दिव्याची ज्योत हाताच्या आडोशाला धरून त्या सावकाश उतरल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"आला असेल सोबतीला," त्या म्हणाल्या. "वाईट नाही तो."

"ते कळलं," काका अगदी हळू म्हणाले. "पण हाक मागच्याला द्यायची असते ना ग? मग तो... तो कुणाला सांगत होता?"

 तेवढ्यात माडीवरून, आणखी मागून, आणखी पुसट, तेच शब्द पुन्हा आले.

तर कधी त्यांच्या घरी गेलात आणि जिना उतरताना शेवटी राहिलात, तर काकूंचं एवढं ऐका. रांग किती लांब आहे ते बघायला वळू नका. पायरी आली की फक्त मागच्याला सांगा.